अडवलेली खिडकी

"अप्पा, यातला चांगला ब्राउझर कोणता?" पुनमने विचारलं आणि शिवलिंगअप्पाचा माऊसवरचा हात थांबला.

एरवी असा प्रश्न म्हणजे अप्पाला पर्वणी. देवणीत लोक बैलांची पारख करतात, अप्पा ब्राउझरची करायचा. त्याच्या ऑनलाइन सेंटरवर सातबारा काढायला आलेल्यालाही तो ऐकवायचा, की हा पळतो चांगला, पण कॉम्प्युटरची सगळी मेमरी खातो. तो कमी खातो, पण सरकारी साइटवर अडून बसतो. तिसरा दिसायला गरीब, पण पोटातलं ओठावर येऊ देत नाही. प्रिंटचे पैसे लागतात, प्रवचन फुकट, असं लोक म्हणायचे.

आज मात्र अप्पा नुसता स्क्रीनकडे बघत राहिला. समोर नर्सिंगच्या प्रवेशाचा फॉर्म उघडा होता आणि आज शेवटची तारीख होती. सहा वर्षांपूर्वी पुनम याच स्टुलावर, याच फॉर्मसाठी बसली होती.

तेव्हा ती नुकती बारावी झालेली. तेव्हाही शेवटचाच दिवस होता, दुकानात गर्दी होती. अप्पाने सगळ्यात पळणारा ब्राउझर उघडला, भराभर फॉर्म भरला, शेवटचं बटण दाबलं आणि झालं म्हणाला. पावती उद्या ने म्हणाला. दुसऱ्या दिवशी पाहतो तर फॉर्म अर्धवटच. 'फॉर्म नक्की पाठवायचा का?' असं विचारणारी शेवटची खिडकी वेगळी उघडणार होती, आणि जाहिरातींचा ताप नको म्हणून तसल्या सगळ्या खिडक्या अप्पानेच अडवून ठेवल्या होत्या. यादी लागली तेव्हा पुनम धावत आली. तुझा नंबर लागला नाही, एवढंच अप्पा तिला सांगू शकला.

पुढे तिचं लग्न झालं. आता ती उदगीरला एका दवाखान्यात केसपेपर लिहायची. माहेरी आली की दुकानात डोकावून अप्पाची खुशाली विचारायची, आणि त्या दिवशी अप्पाला भाकर गोड लागायची नाही.

"सगळेच बरे हायत," अप्पा अखेर म्हणाला. "चालवणारा धड पायजे."

मग त्याने तिन्ही ब्राउझर उघडून पाहिले. साइटवरच्या सूचना शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्या. अडवलेल्या खिडक्या मोकळ्या केल्या. जाहिराती भसाभस आल्या, त्या येऊ दिल्या. जन्मतारीख मार्कमेमोशी तीनदा ताडून पाहिली. बाहेर माणसं खोळंबली होती, एक-दोघं तर कंटाळून समोरच्या सेंटरवर गेले. अप्पाने मान वर केली नाही. मग शेवटचं बटण दाबलं. खिडकी उघडली. हो म्हटलं. पावती निघाली.

पावती पुनमच्या हातात द्यायची, तर ती त्याच्याच मुठीत राहिली. आज बोललो नाही तर कधीच बोलणार नाही, हे त्याला कळत होतं.

"पोरी, त्या साली तुझा नंबर हुकला न्हाई," तो खालमानेने म्हणाला. "तुझा फॉर्मच गेला न्हवता. माझी चूक व्हती, अन् मी खोटं बोललो."

पुनमने स्टूल पुढे ओढलं.

"माहीत हाय, अप्पा. त्याच साली लातूरच्या नर्सिंग कॉलेजात जाऊन विचारून आले व्हते मी."

अप्पाने डोळे वर केले. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि माफीही दिसत नव्हती.

"मग गावात एवढी सेंटरं असताना माझ्याकडं कामून आलीस?"

पुनमने त्याच्या मुठीतून पावती हळूच सोडवून घेतली, वाचली आणि नीट घडी घातली.

"माझा फॉर्म तुमच्याइतका जपून दुसरं कोण भरणार व्हतं?"