लाल पेनचा गोल

"शहाऐंशी," संघमित्रानं रिपोर्टवर बोट ठेवलं. "टीएसएच. पाचाच्या आत हवा."

"एवढे तुझ्या बापाला दहावीत पडले नव्हते," कांताबाई म्हणाल्या. हसल्या मात्र नाहीत. मे महिना होता, तरी त्यांच्या अंगात स्वेटर होता.

"आज्जी, नीट ऐक. हजेरी घेताना मुलानं ओ दिली नाही, की बाई मोठ्यानं नाव घेतात ना? तसा मेंदू थायरॉइडला हाक मारतो. तो ओ देत नाही, म्हणून हाक वाढत जाते. हा आकडा त्या हाकेचा. आकडा जास्त, म्हणजे थायरॉइड कमी."

"जास्त म्हणजे कमी?"

"हो. मग माणूस थंड पडतं. सुन्न होतं. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, कधीकधी रडूसुद्धा येत नाही."

कांताबाईंनी भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. रामदासला जाऊन चार महिने झाले होते. त्या दिवशी परळची अख्खी चाळ रडली. नवरा गेलेल्या कांताबाई तेवढ्या चहाचे कप विसळत राहिल्या. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मुलगा विकास चारचौघांत म्हणाला, "दगड आहे माझी आई." तेव्हापासून तो एकाच खोलीत राहून त्यांच्याशी बोलत नव्हता.

संघमित्रानं फाइलमधून मागच्या वर्षीचा रिपोर्ट काढला. टीएसएच अकरा. भोवती लाल पेननं गोल. बाजूला रामदासचं टपोरं अक्षर : 'थायरॉइड वाढला. गोळी बंद.' खाली तारीख, सही.

"आजोबांनी उलटं वाचलं गं," ती हळूच म्हणाली. "पप्पांना हे आजच दाखवते. तुझा दोष नव्हता कळलं, की बोलतील ते."

कांताबाईंनी तिच्या हातातून कागद घेतला. गोलावरून अंगठा फिरवला. मग चार घड्या घालून तो पोलक्यात ठेवला.

"चाळीतले सगळे कागद हेच वाचायचे," त्या म्हणाल्या. "कोर्टाचेसुद्धा. लोक रांग लावायचे दारात."

"पण आज्जी, पप्पा..."

"बापाला सांग, म्हातारीनंच कंटाळून गोळ्या टाकून दिल्या."