साबणाचा थर

बाथरूममधला पाण्याचा आवाज थांबला. काहीतरी धप्पकन आपटलं आणि मग सगळं गप्प झालं.

दीप्ती हातातलं लाटणं टाकून धावली. दाराला आतून कडी होती.

"पप्पा! पडलात का? पप्पा!"

उत्तर येणारच नव्हतं. तिचे वडील दादू आंघोळीला जाताना कानातलं मशीन काढून टीव्हीपाशी ठेवत, आणि मशीन नसलं की त्यांना दारावरची थापही ऐकू येत नसे. हे ठाऊक असून ती ओरडत राहिली. त्यांना आत जाऊन पाऊण तास झाला होता. एरवी दहा मिनिटांत बाहेर येणारा माणूस.

दीड महिन्यापूर्वी ते याच बाथरूममध्ये पडले होते. घाटकोपरच्या त्यांच्या सोसायटीत बोअरचं जड पाणी. त्यात साबणाला धड फेस येत नसे, आणि लावलेला साबण पुरता धुऊनही जात नसे. शॉवरखालच्या फरशीवर त्याचा पांढुरका, चिकट थर बसला होता. पाणी पडलं की नुसता बुळबुळीत. दादूंचा पाय सटकला आणि डावं मनगट मोडलं. प्लास्टर निघून आठच दिवस झाले होते.

तेव्हापासून दीप्तीच्या जिवाला घोर लागला होता. तिने साबणाची वडी बंद करून लिक्विड सोप आणला. प्रत्येक आंघोळीनंतर वायपर मारायला सुरुवात केली. त्याने नवा थर बसेना, पण जुना काही निघेना. "अ‍ॅसिड ओतू या," असं तिचा नवरा हर्षद म्हणाला, तेव्हा दादू तडकले होते. मरोळच्या कारखान्यात तीस वर्षं बॉयलर सांभाळलेला माणूस तो. "एवढ्याशा खोलीत अ‍ॅसिडची वाफ? घरात माणसं राहतात ना रे?" आता हर्षद कामावर गेला होता आणि घरात ती एकटी होती.

दाराखालून पाण्याचा ओघळ बाहेर आला. गढूळ, पांढरट. त्याला आंबूस वास होता.

उलटी झाली असणार त्यांना, दीप्तीला वाटलं. आधी घाम फुटतो, मग उलटी होते, मग माणूस कोसळतो. तिची आई अशीच हार्ट अटॅकने गेली होती. तिने दाराला खांदा लावायला अंग मागे घेतलं आणि तशीच थबकली. हात आपोआप पोटावर गेला. तिसरा महिना चालू होता. आधीचे दोन राहिले नव्हते, म्हणून या वेळी हर्षदशिवाय कुणालाच सांगितलं नव्हतं. दादूंनाही नाही. आत बाप पडलेला, आणि तिला दाराला धक्कासुद्धा मारता येत नव्हता.

ती शेजारच्या दारावर दोन्ही हातांनी थापा मारू लागली. गुणाजीकाका बनियनवरच बाहेर आले.

"काय झालां गो?"

"पप्पा... आत... दार उघडत नाहीत."

गुणाजीकाकांनी पुढचं काही विचारलं नाही. "तू सरक बाजूक," म्हणाले आणि त्यांनी दाराला खांदा दिला. एकदा. दोनदा. दीप्तीने डोळे मिटून घेतले. तिसऱ्या धक्क्याला कडीचे स्क्रू उखडले आणि दार आत कोसळल्यासारखं उघडलं.

दादू प्लास्टिकच्या स्टुलावर बसले होते. अंगात गंजी, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. उजव्या हातात घासायचा ब्रश. बाजूला गरम पाण्याची बादली, कलंडलेला टब आणि व्हिनेगरची रिकामी बाटली. पायाखालची फरशी निळी होती. ती निळी आहे हे दीप्तीला आजच कळत होतं.

दार अंगावर आल्यासारखं वाटून दादू दचकले. "काय झालं? आग लागली काय?"

दीप्तीला रडू फुटलं आणि त्यातूनच संताप उसळला. "हात आत्ता कुठे जुळलाय तुमचा! वाकायचं नाही म्हणून सांगितलंय ना डॉक्टरांनी!" ती तरातरा आत निघाली.

"थांब!"

दादू असे ओरडले की ती उंबऱ्यावरच थिजली. एवढा घाबरलेला आवाज तिने त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. ब्रश धरलेला हात तिच्याकडे रोखलेला होता.

"दाराजवळचं घासायचं राहिलंय अजून. पाय टाकू नकोस."

गुणाजीकाकांनी दोघांकडे पाहिलं. "स्क्रू घेऊन येतंय," असं पुटपुटत ते निघून गेले. दीप्तीने टीव्हीजवळचं मशीन आणून लांबूनच पुढे केलं. दादूंनी हात पुसून ते कानात बसवलं.

"मला हाक मारायची होती ना, पप्पा. मी घासलं असतं."

"म्हणून तर कडी लावली." त्यांनी नजर फरशीवरच ठेवली. "मी पडलो तर मनगट मोडतं, पोरी. जुळतं परत. तू सकाळी बेसिनशी ओकतेस. ऐकू येत नसलं तरी दिसतं ना मला."

ती उंबऱ्याबाहेरच खाली बसली.

"महिनाभर तू आंघोळीला गेलीस की मी बाहेर उभा असतो," दादू म्हणाले. "पडलीस तर मशीन असूनही आवाज यायचा नाही मला, म्हणून हादरा कळावा असा दाराला हात लावून."