कढईवरचा तिसरा हात

श्रावस्ती धाराशिवला राहून आईच्या खवा भट्टीसाठी वेबसाइट बनवत होती. आई, केशरबाई, भूमजवळच्या गावात एकटीच भट्टी सांभाळायची. दुपारी श्रावस्तीनं व्हिडिओ कॉल लावला आणि आई कढईत दूध आटवत असताना एक स्क्रीनशॉट घेतला.

कॉलवर आई एकटी दिसत होती. स्क्रीनशॉटमध्ये मात्र उलथन्यावर तीन हात होते. तिसरा हात चित्राच्या डाव्या कडेनं आत आला होता. त्याच्या मनगटावर दुधाचे वाळलेले थेंब होते.

"आई, जवळ कोण हाय?"

"कोण असणार? पण आज खांदा दुखतच न्हाय बघ. उलथनं लई हलकं चाललंय."

आई खुशीत होती, म्हणून श्रावस्तीनं जास्त काही विचारलं नाही. तिसरा हात दिसू नये म्हणून चित्राची डावी बाजू कापून तिनं ते वेबसाइटवर टाकलं.

तेवढ्यात कॉलवर आई कण्हली. "आत्ता एकदम जड झालं गं."

श्रावस्तीनं घाईघाईनं कापलेलं चित्र काढलं आणि पूर्ण चित्र टाकलं.

"झालं बघ हलकं," आई हसत म्हणाली. "लई बरं वाटतंय."

श्रावस्तीलाही हायसं वाटलं. खात्री करायला तिनं आणखी एक स्क्रीनशॉट घेतला. कॉलवर आई गुणगुणत दूध हलवत होती. चित्रात मात्र ती डोळे मिटून भिंतीला टेकली होती. तिचे दोन्ही हात मांडीवर होते, आणि उलथनं त्या एकट्या हातात होतं.