सख्रच्या आईचं नाव

“हे नाव काढ आधी,” बुथैना म्हणाली. “काढ, मग चहा पी.”

नश्वान गोंधळला. सहा दिवसांच्या पत्रकारिता प्रशिक्षणात त्याने लिहिलेली ही पहिलीच बातमी, आणि येमेनच्या ताइझ शहरातल्या त्या खोलीत बाकीचे नऊ जण कान टवकारून बसलेले.

“पण बाई, मी नाव दिलंच नाहीये! नुसतं उम्म सख्र लिहिलंय. सख्रची आई.”

“आणि वस्तीत तिला काय म्हणतात?”

“उम्म सख्र.”

कुणीतरी फिस्सकन हसलं. बुथैना हसली नाही. बावीस वर्षं बातमीदारीत घालवलेली बाई ती. तिच्याच एका बातमीत नको ते नाव गेलं आणि एका शिंप्याला रातोरात गाव सोडावं लागलं, हा सल तिच्या मनात अजून होता.

“मग लपवलंस काय, राजा? मुकादमाच्या माणसांना थेट तिच्या दारात नेऊन सोडलंस की!”

नश्वानचा चेहरा उतरला. मूर्खपणा नव्हता तो, वळण होतं. आमच्याकडे परक्या बाईचं नाव विचारणं म्हणजे तिच्या घरात डोकावणं. शाळेतली पोरंसुद्धा आईचं नाव जिवापाड जपतात, कारण ते फुटलं की वर्षभर चिडवाचिडवी ठरलेली. नश्वान चार वेळा त्या बाईला भेटला होता, तिच्या हातची गरम भाकरी त्याने खाल्ली होती. पण नाव विचारायला त्याची जीभ रेटली नव्हती.

बातमी मात्र सोळा आणे खरी होती. मदतीचं फुकट पाणी वस्तीत वाटायचं सोडून पाणीवाटपाचा मुकादम टँकरचे टँकर हॉटेलांना विकत होता. सख्रच्या आईने ते भरदिवसा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. याआधी इतरांच्या बातम्यांत दोनदा ‘एका महिलेने सांगितलं’ असं छापून आलं, तेव्हा मुकादम खो खो हसला होता. अशी बाईच नाही, असली तर तिचं नाव सांगा, म्हणाला होता. त्यामुळे संपादकांनी बजावलं होतं, नाव नसेल तर बातमी नाही. आणि खोटं नाव छापायचं नाही, हे तर बुथैनानेच पहिल्या दिवशी फळ्यावर लिहिलं होतं.

“मग आता?” नश्वानने विचारलं.

“आता तिलाच विचारायचं. जीव तिचा, निर्णय तिचा. घरी जाऊ नकोस, लोक बघतात. फोन लाव.”

दोघं गच्चीवर गेले. बुथैनाने काही आडपडदा ठेवला नाही. “खाला, नाव छापलं तर धोका आहे. तुम्ही नको म्हणालात तर बातमी फाडून टाकते. कुणी रागावणार नाही.”

पलीकडे कोंबड्यांचा कलकलाट चालला होता. मग आवाज आला, “कुठलं नाव छापणार?”

“तुमचं, खाला.”

“सख्रच्या आईचं की माझं?”

बुथैनाने पेनाचं टोपण काढलं.

“माझं नाव तुहफा. लिही. बापाचं नको, गावाचं नको, नुसतं तुहफा. आई हाक मारायची, ती गेली. नवरा जन्मभर ‘अगं ए’ म्हणत राहिला, तोही गेला. मदतीचं कार्ड सख्रच्या नावावर. सख्रला ठाऊक आहे, पण बाजारात आईचं नाव घ्यायचं म्हटलं तर तो जीभ छाटून देईल. आता तूच सांग पोरी, मुकादम विचारणार कुणाला?”

खरं नाव सगळ्यात धोक्याचं, हे बुथैना वर्षानुवर्षं शिकवत आली होती. तिच्या स्वतःच्या पहिल्या बातम्या भावाच्या नावाने छापून आल्या होत्या, तेही तिला आत्ताच आठवायचं होतं. तिचे डोळे भरून आले. तिने पेन नश्वानच्या हातात दिलं.

“लिही,” ती म्हणाली. “आणि तिचं वय काढ, गल्ली काढ, कोंबड्या काढ.”

बातमी लागली. मुकादमाला या वेळी हसता आलं नाही. चौथ्या दिवशी चौकशीला माणसं आली आणि पाचव्या दिवसापासून टँकर मुकाट्याने वस्तीत वळू लागले. मग मुकादमाची दोन माणसं खांद्याला बंदुका लटकवून तुहफाला शोधत फिरू लागली. सलूनमध्ये विचारलं, तर अर्धी दाढी झालेला म्हातारा फेसासकट उठला. “आमच्या घरातल्या बायकांची नावं विचारतोस? आधी तुझ्या आईचं सांग की!” बंदूकवाला कानापर्यंत लाल झाला. वाण्याने तर त्यांच्या तोंडावर फळी ओढून घेतली. नळावरच्या बायकांत कुणी हानी नावाच्या पोराची आई होती, कुणी आणखी कुणाची. तुहफा एकीलाही माहीत नव्हती.

दमून भागून ते दोघे शेवटच्या घराशी आले. सख्रची आई दारात मसूर निवडत बसली होती.

“खाला, इकडे तुहफा म्हणून कुणी राहते का?”

तिचे हात थांबले. दोघांकडे तिने आळीपाळीने पाहिलं, मग तळवा कानामागे धरला.

“परत एकदा म्हण रे, लेकरा,” ती म्हणाली. “जरा मोठ्याने म्हण.”