वाचनतास
पालकांनी शाळेत येऊन मुलांना गोष्ट वाचून दाखवायची, त्या वाचनतासाला आजही कुणीच आलं नव्हतं. दमलेल्या बाईंनी खुर्च्या आवरायला घेतल्या. उद्या मुख्याध्यापकांना सांगून हा तास बंद करायचं ठरवलं. तेवढ्यात दुसरीतली एक मुलगी बसड्रायव्हर वडिलांना ओढत आत आली. वाचताना अडखळते म्हणून ती वर्गात तोंडच उघडायची नाही. "बाई, थेट ड्यूटीवरून आलोय. उशीर झाला का?" वडिलांनी विचारलं. छोट्या खुर्चीत ते कसेबसे मावले. गोष्टीच्या पुस्तकातल्या दोन ओळी वाचल्या आणि बसल्याबसल्या त्यांचा डोळा लागला. बाई उठवायला पुढे झाल्या, तर मुलीनं ओठांवर बोट ठेवलं. पुस्तक स्वतःकडे ओढून ती पुढची ओळ हळू आवाजात वाचू लागली. अडखळत, मागे जाऊन शब्द जुळवत होती. पण थांबत नव्हती. "मलाही ऐकू येऊ दे गं," बाई म्हणाल्या. "मग जवळ या," मुलगी कुजबुजली. "बाबा दमलेत."