‘आटलेली बारव’ची नवी कॅसेट

“ह्या खेपेला काय बदललंय?” मथुराबाईंनी कॅसेट उलटसुलट करून पाहत विचारले.

“वरचं चित्र, मावशी,” बसवराज म्हणाला. “मागच्या वेळी नायिका डावीकडं होती. आता उजवीकडं आली.”

“आन् आत?”

“आत सगळं तेच. घाबरू नका, तुमचा प्रसंग जागच्या जागी आहे.”

“तसाच?”

“तसाच. उलट आवाज सुधारलाय. बांगडी फुटल्याचा आवाजसुद्धा खणखणीत येतो.”

“बरं,” एवढेच म्हणून त्या बाकावर टेकल्या. तरीही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्या उठल्या नाहीत. प्रसंग येऊन गेला, तशा पदर सावरून निघाल्या.

जळकोटात हमरस्त्याला लागून बसवराजचे व्हिडिओ सेंटर होते. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचे रीतसर शिक्षण घेतलेला हा माणूस कोणतीही वस्तू हाती आली की आधी तिचे स्क्रू पाहायचा. मुंबईची कंपनी ‘आटलेली बारव’ पुन्हा पुन्हा का विकते, हे त्याला केव्हाच उमगले होते. चोथा होईपर्यंत तोच ऊस चरकात घालावा, तसा तो सिनेमा दर वर्षी नव्या वेष्टनात बाहेर पडे. कधी ‘स्वच्छ प्रत’, कधी ‘गाण्यांसह संपूर्ण’, तर कधी नुसतेच ‘खास’.

बसवराजची त्याबद्दल तक्रार नव्हती. सिनेमाचे चित्रीकरण बहात्तरच्या दुष्काळात जळकोटातच झाले होते, आणि त्यामुळे प्रत्येक नवी कॅसेट गावात हमखास चाले. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बायकांनाच कंपनीने पडद्यावर उभे केले होते. त्यांत सर्वांत पुढे मथुराबाई. दगडावर हात आपटून त्या असा टाहो फोडतात की पाहणाऱ्याच्या अंगावर काटा यावा.

“मावशी, सगळ्या गावानं तुम्हाला पडद्यावर पाहिलं,” बसवराज एकदा म्हणाला होता, “एकट्या कोंडिबाकाकांनीच नाही. त्यांना का आणत नाही?”

“तवा ते ढोकीला कारखान्याच्या कामावर व्हते. त्यास्नी ठावंच न्हाय म्या काय केलं ते.”

“म्हणूनच दाखवा की.”

“दावीन. लई मागं लागल्यात. पर जरा दमानं.”

बसवराजला वाटले, बाई लाजते.

पुढच्या उन्हाळ्यात आणखी एक कॅसेट आली. एकाच फितीवर दोन सिनेमे बसवण्यासाठी कंपनीने दोन्हींना कात्री लावली होती. बसवराजने सवयीप्रमाणे ती आधी स्वतः तपासली. नायिका विहिरीपाशी आली, आणि पुढच्याच क्षणी मोटारीत बसून मुंबईला निघाली. मधली खडी, मधल्या बायका, मधल्या मथुराबाई, सगळे गायब.

तो खिन्न झाला. म्हातारीला हे सांगायचे कसे?

दुसऱ्याच दिवशी मथुराबाई दारात उभ्या राहिल्या. इतक्या प्रसन्न त्याने त्यांना कधी पाहिले नव्हते.

“नवी कॅसेट आली म्हनं? आमची शेजारीन कमलबाई मुरूमला लेकीकडं बघून आली. लई चांगली हाय म्हनली.”

“हो, पण मावशी—”

“पर न्हाय अन् बिर न्हाय. उद्या मालकाला घिऊन येते. त्यांचं घोडं लई दिस अडलंय.”

एवढे बोलून त्या वळल्यासुद्धा. कमलबाईने कापाकापीचे सांगितलेले दिसत नव्हते. इतक्या वर्षांनी नवऱ्याला घेऊन येणार, आणि पडद्यावर बाईंचा पत्ताच नाही! त्यापरीस दुकान बंद ठेवलेले बरे.

त्याने दुकान बंद ठेवलेच, पण कामासाठी. दोन व्हीसीआर एकमेकांना जोडले, कोरी कॅसेट घातली. नायिका विहिरीपाशी येईपर्यंत नवी प्रत उतरवली; तिथे मागच्या वर्षीच्या कॅसेटवरचा मथुराबाईंचा प्रसंग बसवला; मग पुन्हा नवी प्रत. पहिला जोड उडाला, दुसऱ्याला आडव्या रेघा आल्या. तिसरा मात्र असा बसला की त्याने स्वतःचीच पाठ थोपटली.

दुसऱ्या दिवशी कोंडिबा धुवट धोतर, नवा पटका अशा थाटात आले. मथुराबाईंनी ठेवणीतले लुगडे नेसले होते. हातात पेढ्यांचा पुडा होता.

“बसवराजा,” कोंडिबा खुर्चीत ऐसपैस बसत म्हणाले, “समदं गाव मला हसतंय बग. घरात नटी हाय आन् नवऱ्यानं सिनेमा बघितला न्हाय!”

“आज बघा, काका. पोटभर बघा.”

“बघू द्या की त्यास्नी,” मथुराबाई हसल्या आणि पेढा नवऱ्याच्या हातावर ठेवला. “आता काय बी हरकत न्हाय.”

सिनेमा सुरू झाला. कोंडिबा शिवार ओळखत होते, आटलेली विहीर ओळखत होते, जुन्या बैलांची नावे घेत होते. मथुराबाई पडद्याकडे कमी आणि त्यांच्याकडे जास्त पाहत होत्या. नायिका विहिरीपाशी आली. बसवराज जोड पाहायला पुढे वाकला.

जोड कुणाच्या लक्षातही आला नाही. पडद्यावर पांढऱ्या कापडाखाली कुणीतरी निजले होते. ऐन उमेदीतल्या मथुराबाई त्याच्या उशाशी आल्या, त्यांनी दगडावर हात आपटून बांगड्या फोडल्या आणि तळव्याने कपाळीचे कुंकू पुसून टाकले.

बसवराज समाधानाने वळला. खुर्चीतल्या मथुराबाईंनी दोन्ही हातांनी नवऱ्याचे डोळे गच्च झाकले होते.

“अगं, सोड की!” कोंडिबा हसत होते. “माझीच बायकू दिसायलीय, बघू दे!”

“बसवराजा, बंद कर ते!” मथुराबाई ओरडल्या. “कमलबाई म्हनली, नव्या कॅसेटीतनं माझं रंडकेपन काढून टाकलंय, म्हनून तर आज यास्नी आनलं रं म्या!”