आधी उठेल तो हरला

‘कैदखान्याला कुटुंब म्हणणारा बाप मी आज पहिल्यांदाच पाहिला,’ आगाऊने लिहिलं होतं, आणि त्याखाली तीन मिनिटांत एकोणीस जणांनी हसून घेतलं होतं.

निरीक्षकाच्या अंगाचा तिळपापड झाला. दुकानांतले वजनकाटे तपासण्यात त्याची बावीस वर्षं गेली होती. तो दारात दिसला की भले भले दुकानदार वजनं पुसायला लागत. आणि हा कोण कुठला, ना नाव ना चेहरा, ‘आगाऊ’ एवढीच ओळख, चर्चमधल्या विश्वासी पालकांच्या ऑनलाइन गटात चारशे जणांसमोर त्याची टोपी उडवत होता.

एरवी त्याने दुर्लक्ष केलं असतं. पण उद्या रविवारच्या उपासनेनंतर चर्चची मंडळी पालक समितीचा प्रमुख निवडणार होती, आणि मत देणारे निम्मे लोक याच गटात होते. आज तोंडघशी पडला असता, तर उद्या त्याच्यासाठी हात वर करायला कोणी उरलं नसतं.

पैज आगाऊनेच लावली होती, अडीच वाजता. प्रत्येक उत्तराला पाच मिनिटं. जो आधी खुर्ची सोडून उठेल, तो हरला. निरीक्षकाने हसतच मान्य केलं. बसण्यात त्याला हरवणारा अजून जन्मायचा होता.

‘माझ्या घरात शनिवारी यंत्रांचा उपास असतो,’ त्याने आता लिहिलं. ‘बारा ते सहा. बायकोचा आणि दोन्ही मुलींचे फोन माझ्या खणात. बाकीचे दिवस तिघी कुठे जातात, कोणाशी बोलतात, मला इथे बसून दिसतं. प्रभूला सगळं दिसतं, मग बापाला दिसलं तर काय बिघडलं?’

‘प्रभू खणाला कुलूप लावत नाही. आणि तुम्ही आत्ता कशावर लिहिताय? उपास मोडला की तुमचा.’

‘मी सेवा करतोय.’

‘सेवेला फराळ चालतो तर.’

पुन्हा हशा. निरीक्षकाने दातओठ खाल्ले. तेवढ्यात आतल्या खोलीत कपाट करकरलं, काहीतरी ओढल्याचा आवाज आला.

‘काय चाललंय?’ तो ओरडला.

‘थंडीचे कपडे काढतेय,’ बायकोने आतूनच सांगितलं. थोड्या वेळाने ती चहा घेऊन आली. दार वाजवायचा प्रश्न नव्हता. घरातल्या सगळ्या कड्या त्याने मागच्याच वर्षी काढून टाकल्या होत्या.

‘अजून बराच वेळ चालेल का?’

‘त्याला पाणी पाजल्याशिवाय उठत नाही.’

‘बरं. मग होऊ दे सावकाश.’

कधी नव्हे ते हिला आपलं म्हणणं पटलं, असं त्याला वाटलं, आणि बरंही वाटलं. त्याने बाह्या सरसावल्या.

‘थोरलीने एकदा मला न दाखवता एक संदेश पुसला,’ त्याने लिहिलं. ‘मी हात उचलला नाही. तीन दिवस घरात तिच्याशी कोणी बोलायचं नाही, एवढंच सांगितलं. तिच्या आईनेही. चौथ्या दिवशी पोरगी आपण होऊन गुडघे टेकून प्रार्थनेला बसली. याला संगोपन म्हणतात.’

या वेळी कोणी हसलं नाही.

‘किती वर्षांची आहे?’ आगाऊने विचारलं.

‘तेरा.’

चार मिनिटं काहीच आलं नाही. निरीक्षक घड्याळाकडे बघत जिंकायची वाट पाहू लागला. मग एकदम मजकूर आदळला. ‘मुलांनी आज्ञा पाळावी, ही शास्त्रातली ओळ तुम्हाला तोंडपाठ. लगेच पुढची ओळ बापांसाठी आहे, आपल्या मुलांना चिडवू नका म्हणून. तिथे आलं की तुमचा डोळा लागतो का?’

निरीक्षक उत्तर जुळवत होता. तेवढ्यात धाकटी दारात येऊन उभी राहिली.

‘पप्पा.’

‘आत्ता नको.’

‘एकच मिनिट.’

‘इथे मिनिटाचाच प्रश्न आहे, बाळा. एवढ्या उकाड्यात स्वेटर कशाला?’

‘होतोय का बघतेय.’

‘होतोय. जा आता.’

ती गेली नाही. जवळ येऊन त्याच्या दंडाला गाल लावून उभी राहिली. उत्तराला दोनच मिनिटं उरली होती. त्याने तिला कोपराने बाजूला केलं आणि लिहीत राहिला.

त्यानंतर आगाऊची जीभ फारच सैल सुटली. त्याने निरीक्षकाला ढोंगी म्हटलं, तुरुंगाधिकारी म्हटलं, पोरींच्या भीतीवर पोसलेला माणूस म्हटलं. निरीक्षकानेही काही शिल्लक ठेवलं नाही. देवाला विसरलेला, मुलांना यंत्रांच्या पायी वाहणारा नास्तिक, असे वार तो करत गेला. मान आखडली. चहावर साय धरली. केव्हापासून लघवीला लागली होती, पण गडी उठला नाही.

‘माझ्या घरात आत्ता काय ऐकू येतंय, माहीत आहे?’ पावणेपाचला त्याने लिहिलं. ‘काहीही नाही. ना टीव्ही, ना आदळआपट, ना उलट उत्तर. असं शांत घर तुमच्या नशिबी नाही.’

‘खरंय,’ आगाऊने लिहिलं. त्या दुपारचं त्याचं हे सर्वांत छोटं उत्तर होतं.

निरीक्षकाला विजयाचा वास आला. तो आणखी वीस मिनिटं तुटून पडला. आणि पाच वाजून सात मिनिटांनी चारशे जणांसमोर आगाऊने लिहिलं, ‘हरलो मी. उद्याच्या निवडीसाठी शुभेच्छा.’

अभिनंदनांची रीघ लागली. दोन जणांनी तर त्याला आताच ‘प्रमुख’ म्हणून टाकलं. निरीक्षकाने पाठ ताणली, बोटं मोडली.

‘अगं, ऐकलंस का?’ त्याने बसल्या जागेवरूनच हाक मारली. ‘जिंकलो.’

तेवढ्यात आगाऊचा आणखी एक संदेश आला, फक्त त्याच्या एकट्याच्या नावावर.

‘बसून राहिलात, आभार. तिघींची गाडी आत्ताच सुटली. आता उठलात तरी चालेल.’